जुन्या नेटवर्कवरचा गळा

दुपारी झोपायची वेळ झाली की गुंडी कपाटाकडे बघायची.

गुंडी म्हणजे आमची लेक. जन्मली तेव्हा सदऱ्याच्या गुंडीएवढं नाक आणि तेवढेच डोळे, म्हणून सासूबाईंनी ठेवलेलं नाव. कागदावरचं नाव अजून कुणाच्या तोंडात बसलेलं नाही. झोपायच्या आधी ती रडायची, अगदी रीतसर, अंगातलं सगळं बळ काढून. मग मी तिला घेऊन झुलत्या खुर्चीत बसायचे आणि सासूबाईंचं गाणं म्हणायचे. दोनच ओळी. मला तेवढ्याच येत होत्या.

दिवा मालव, दार लाव, वाऱ्याला सांग हळू ये,
उशीखाली स्वप्न ठेव, झोपेला म्हण जवळ ये.

दोन ओळी झाल्या की मी श्वास घ्यायला थांबायचे. नेमकं तेव्हाच गुंडी माझ्या खांद्यावरून मान वळवून कपाट आणि भिंत यांच्यामधल्या अंधाऱ्या फटीकडे बघायची. डोळे मोठे करून, कुणी काही सांगत असल्यासारखी. कधीकधी हसायचीसुद्धा. मग पापण्या जड व्हायच्या.

मलाही त्या फटीतून डास गुणगुणल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं. यायचं की नुसता भास व्हायचा, ते मात्र सांगता येत नव्हतं.

"लहान मुलं बघतातच अशी," नवरा म्हणाला. "परवा माझ्या मोज्याकडे बघून हसत होती."

"मोजा हसण्यासारखाच होता. अंगठा बाहेर आलेला."

"मग कपाटातूनही कुणाचा तरी अंगठा बाहेर आला असेल."

तो हसला, आणि मग दोघांचंही लक्ष कपाटाकडे गेलं. कपाट त्याच्या आईचं होतं. त्या गेल्यावर सासऱ्यांनीच ते आमच्याकडे पाठवून दिलं होतं. "माझ्या चार सदऱ्यांना एवढं धूड कशाला?" म्हणाले होते. हमालांनी ते खोलीत जिथे मावलं तिथे भिंतीला लावलं आणि घाम पुसत निघून गेले. दार उघडलं की अजून सासूबाईंच्या साबणाचा वास यायचा. मी ते दार शक्यतो उघडत नव्हते.

माझं काम ऐकण्याचं. एका मोबाइल कंपनीच्या चाचणी विभागात मी स्पंज लावलेल्या खोलीत हेडफोन घालून बसते. एकच वाक्य दोनदा कानावर येतं, आधी जुन्या नेटवर्कवरून, मग नव्या. दोन्हीला पाचपैकी गुण द्यायचे. वाक्यांना अर्थ नसतो. "पाणी तापलंय, दार उघडं आहे." "निळी सायकल मामाकडे राहिली." अर्थ आला की कान आळशी होतो, असं आमचा प्रमुख म्हणतो. त्याला आम्ही मीटर म्हणतो, कारण नमस्कार केला तरी तो आवाजाची पातळी सांगेल.

"जुनं नेटवर्क आवाजाचं डोकं आणि पाय कापतं आणि फक्त धड पाठवतं," मीटर नव्या मुलांना समजवायचा. "शब्द धडात असतात, म्हणून बोलणं कळतं. पण माणूस असतो डोक्यात आणि पायात. नव्यावर तो अख्खा येतो. ओठ सुटताना ऐका. गिळलेला आवंढा ऐका."

एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही गंमत म्हणून एकमेकांच्या घरच्यांचे आवाज जुन्यावरून ऐकवले. मीटरने स्वतःच्या बायकोला माझी आत्या ठरवलं. ही बातमी त्याच्या घरी कुणी पोचवली माहीत नाही, पण पुढचे काही दिवस तो बाहेरचंच जेवत होता.

अजून एक गोष्ट मी तिथेच शिकले. बोलणारा गप्प झाला की जुना फोन पलीकडून काहीच पाठवत नाही. मग ऐकणाऱ्याला वाटेल की फोन तुटला. म्हणून त्याच्या हातातला फोन स्वतःच एक बारीक खरखर तयार करतो, साधारण समोरच्या खोलीसारखी. नव्यातही ही सोय आहे, पण जुन्यात ती जाडीभरडी, ओळखू येणारी. आम्ही तिला पेरलेला आवाज म्हणतो. आपल्याला वाटतं, पलीकडे कुणीतरी गप्प बसलंय. पण ती शांतता आपल्याच हातातलं यंत्र विणत असतं.

तर हे जुनं नेटवर्क आता टप्प्याटप्प्याने बंद होणार होतं, आणि पहिल्याच टप्प्यात बाबांकडचा भाग होता.

बाबा म्हणजे माझे सासरे. आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, दोन खोल्यांत एकटे. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन होता, जो नव्या नेटवर्कवर चालणारच नव्हता. नवऱ्याने त्यांना नवा फोन नेऊन दिला. तो खोक्यातच राहिला. आमच्याकडे राहायला या म्हटलं, तर विषय बदलला.

"तू जाऊन बघ," नवरा मला म्हणाला. "माझ्याशी ते हवापाण्याचं बोलतात. तुझ्याशी बोलतील. तुझं खातंच आहे ते."

"खातं काय! मी वाक्यांना गुण देते."

"मग त्यांनाही दे."

म्हणून मी गुंडीला घेऊन गेले.

जिन्यातच इस्त्रीवाल्या काकू भेटल्या. त्या तळमजल्यावर राहतात आणि बाबांचं जेवण त्याच देतात. गुंडीचा गालगुच्चा घेत त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आलीस. ताट जसंच्या तसं परत येतं गं. विचारलं तर म्हणतात, प्रवासाला हलकं पोट बरं. कुठे निघालेत?"

मला माहीत नव्हतं.

बाबांची हाडं वर आली होती. पण चेहरा प्रसन्न होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. त्यांनी स्वतः चहा केला, गुंडीच्या हातात चमचा दिला. जुना फोन पलंगावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवलेला होता, तान्ह्या मुलाला निजवावं तसा. दुपारभर ते त्याच्याकडे बघत होते.

"आज आला नाही," शेवटी ते म्हणाले.

"काय?"

त्यांनी घसा साफ केला. बोलायच्या आधी ते नेहमी करतात तसा, छोटासा, दारावर टिचकी मारल्यासारखा. "तुला कामातलं एक विचारू का? हसणार नसशील तर."

"विचारा ना बाबा."

"नव्या नेटवर्कवर तिकडचे फोन लागतात का?"

"तिकडचे म्हणजे?"

"तुझ्या सासूचे."

चमचा जमिनीवर पडला. गुंडीने पाडला होता, तरी मी दचकले.

मग ते सांगत गेले. सासूबाई गेल्यानंतर काही दिवसांनी या फोनवर त्यांच्या जुन्या नंबरावरून फोन आला. पडद्यावर त्यांचं नाव. बाबांनी घेतला नाही, फोन उशीखाली दाबून खिडकीत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "तेव्हा घेतला. म्हटलं, आयुष्यभर हिच्या हाकेला उशिरा ओ दिली, आता तरी वेळेवर द्यावी. आधी एक मूल रडत होतं, लांबून. मग ती गायला लागली. आपलं ते, दिवा मालव. मूल गप्प झालं."

"मूल?" मी विचारलं.

"आमची मोठी."

माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. चालायला लागली आणि तापाने गेली. तिचा फोटो नाही. घरात तिचं नाव कुणी घेत नाही. सासूबाईंनी माझ्यापाशी एकदाच तिचा विषय काढला होता, तान्ह्या गुंडीला माझ्याकडे देताना. "तिलाही उजव्या कुशीवरच झोप लागायची," एवढंच.

"ती पोर इतकी वर्षं एकटी होती गं," बाबा म्हणाले. "आता हिला सापडली. रोज दुपारी झोपवते तिला. मला ऐकवते, म्हणजे मी काळजी करू नये." त्यांनी हसून फोनवरून हात फिरवला. "आता माझंच तेवढं राहिलंय. नेटवर्क बंद व्हायच्या आत ती बोलावेल मला, बघ. एवढी सोय ठेवलीय ती उगाच नाही."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि फोनवरचं एक बटण दाबलं. दुकानदाराकडून त्यांनी आलेल्या फोनवरचं बोलणं आत साठवून ठेवायला शिकून घेतलं होतं.

खरखर. त्या खरखरीतून एक बाई.

दिवा मालव, दार लाव, वाऱ्याला सांग हळू ये.

सासूबाईच. तोच थोडा खरखरीत गळा, 'हळू'वर तसंच रेंगाळणं. दुसरी ओळ झाली. मग थोडी शांतता, पेरलेली. आणि त्या शांततेतून खूप बारीक, खूप म्हातारा एक आवाज आला. आधी एक शब्द, जो मला कळला नाही, आणि मग मी कधीच न ऐकलेल्या चालीत तिसरी ओळ:

...तू पुढे हो, मी आलेच.

बाबांनी डोळे मिटले होते. मी गुंडीला छातीशी धरलं. तिने टॉवेलवरच्या फोनकडे बघितलं आणि हसली, कपाटाकडे बघून हसते तशीच.

"पुन्हा लावा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

दुसऱ्यांदा मी कामावर ऐकते तसं ऐकलं. शब्द सोडून, बाईला सोडून, तिच्या मागे काय आहे ते. मागे काहीतरी कुरकुरत होतं. कुईं, टक. कुईं, टक. एका बाजूने लांब, दुसऱ्या बाजूने आखूड.

आमची झुलती खुर्ची. नवऱ्याने त्याच्या ऑफिसातल्या एकाकडून जुनी आणली होती, सासूबाई गेल्यानंतर. त्या खुर्चीत सासूबाई कधीच बसल्या नव्हत्या.

ती बाई मी होते.

आणि मग मला चुगलखोर आठवला.

गुंडी जन्मली तेव्हा सासूबाई आमच्याकडे राहिल्या होत्या, आणि परत जाताना त्यांचा पाय निघत नव्हता. मी मेल्यासारखी झोपते, बाळ रडलं तरी उठणार नाही, ही त्यांची खात्री. म्हणून त्यांनी हातावर मावेल असं एक यंत्र विकत आणलं, त्यात स्वतःचं जुनं सिमकार्ड घातलं आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या प्लगला लावलं. बाळ रडलं की ते आपोआप त्यांच्या घरच्या त्याच बटणांच्या फोनवर फोन लावायचं. त्यांना खोली ऐकू यायची, आणि त्या बोलल्या तर इथे बारीक आवाज निघायचा. "अगं ऊठ, पोर रडून निळी झाली! म्हशीसारखी झोपतेस की काय!" मी त्या यंत्राला चुगलखोर म्हणायचे. त्यांनाही ते नाव आवडलं होतं. बाबांना यातलं काही कळत नसे. बायको फोनवर बोलतेय, एवढंच ते बघत आले होते. त्या गेल्यावर मला वाटलं, नवऱ्याने यंत्र काढलं असेल. त्याला वाटलं, मी काढलं. मग कपाट आलं आणि त्या प्लगसमोर उभं राहिलं.

मी बाबांकडे बघितलं. सांगायला दोन शब्द पुरले असते. पण त्या दोन शब्दांनी एक बाई दुसऱ्यांदा गेली असती, आणि एक लहान मुलगी पुन्हा एकटी पडली असती. आणि शिवाय ती तिसरी ओळ. ती मी म्हटली नव्हती. ती मला येतच नव्हती. मग कोणी म्हटली?

मी चहाचे कप विसळले आणि गुंडीला घेऊन निघाले.

घरी येऊन फटीत टॉर्च मारला. तळाशी, धुळीत, हिरवा ठिपका लुकलुकत होता.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मोजे काढता काढता थांबला. "तो नंबर अजून चालू कसा?"

"बाबाच रिचार्ज करतात. तिचा नंबर बंद कसा पडू द्यायचा, म्हणतात."

"काढून टाक ते."

"तू काढ."

तो उठला, कपाटापर्यंत गेला, आणि नुसता हात लावून परत आला. "तुझा आवाज आईसारखा नाहीये," तो म्हणाला. रागावल्यासारखा.

"अख्खा नाही. धड आहे. त्यांच्याकडूनच तर शिकले गाणं. कुठे थांबायचं तेसुद्धा. तिसरी ओळ कशी आहे रे त्या गाण्याची?"

"तिसरी? दोनच आहेत. आई दोन म्हणून तोंड मिटायची. मग नुसतं थोपटायची."

मला हेच ऐकायचं नव्हतं.

त्यानंतरच्या दुपारी माझ्या राहिल्या नाहीत. गुंडी रडायला लागली की मला कळायचं, आता फटीतलं यंत्र जागं झालं, आता तिकडे टॉवेलवरचा फोन वाजला, आता एक म्हातारा माणूस डोळे मिटून आडवा झाला. माझ्याच खोलीत, माझ्याच मुलीसाठी मी गायचे आणि पलीकडे एक मेलेली बाई गायची. एकदा मला सर्दी झाली. त्या संध्याकाळी बाबांनी मुलाला फोन करून सांगितलं, "आज तिचा गळा बसलाय रे. तिकडे गारठा असेल." मी शिंकले होते इथे, आणि सर्दी तिला झाली होती. आरशासमोर वेणी घालतानाही मला वाटायचं, कुणीतरी आपलं तोंड उसनं घेतलंय.

आणि दोन ओळींनंतरची ती जागा! तिथे थांबायची मला इतकी भीती वाटायला लागली की मी थांबायचंच सोडलं. 'जवळ ये' म्हणता म्हणता 'दिवा मालव' सुरू करायचे. श्वास ओळीच्या मध्येच कुठेतरी चोरून घ्यायचे. गुंडीला ते आवडत नव्हतं. ती मान वळवायची, फटीकडे बघायची, आणि पुन्हा रडायची.

नेटवर्क बंद व्हायचा दिवस ठरला. एरवी असली कामं लोक झोपल्यावर करतात, पण हा पहिलाच टप्पा, काही बिनसलं तर माणसं हाताशी असावीत म्हणून दुपार ठेवली होती. नवऱ्याने ठरवलं, सकाळच्या गाडीने जाऊन बाबांना घेऊनच यायचं, ते नाही म्हणाले तरी. आदल्या संध्याकाळी त्याने त्यांना फोन केला. नंतर माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"त्यांनी काकूंना घराची किल्ली देऊन ठेवलीय. धुतलेले कपडे खुर्चीवर काढून ठेवलेत म्हणे. मी म्हटलं, कशासाठी? तर म्हणतात, उद्या शेवटचा दिवस ना."

मी गुंडीची बाटली खाली ठेवली.

"आणि आईवर रुसलेत," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "म्हणतात, हल्ली ती थांबतच नाही. धावल्यासारखी गाते. मला माझी जागाच देत नाही."

"जागा? कसली जागा?"

"काय माहीत."

तो सकाळी गेला. मी सुट्टी घेतली होती. पण ते वाक्य माझ्या कानातून जाईना. मला माझी जागाच देत नाही.

दुपारी गुंडी रडली. मी खुर्चीत न बसता तिला घेऊन कपाटापाशी गेले आणि फटीला कान लावून उभी राहिले. आत हिरवा ठिपका स्थिर झाला, म्हणजे फोन लागला होता. मी गायले. दोन ओळी. आणि थांबले.

खरखर. गुंडीने मान वळवली. आम्ही दोघी त्या अंधाराकडे बघत होतो.

आधी एक छोटासा आवाज आला. दारावर टिचकी मारल्यासारखा.

घसा साफ केला कुणीतरी.

मग ते नाव, जे आमच्या घरात कुणी घेत नाही. आणि मग डासाएवढ्या, थरथरत्या सुरात:

...तू पुढे हो, मी आलेच.

बाबा. पडद्यावर नाव बघून डोळे मिटणारे, दोन ओळी ऐकून तिसरी स्वतः म्हणणारे बाबा. त्या दिवशी त्यांनी ऐकवलेल्या साठवणीतही तेच होते. पलंगावर लांबून म्हटलेली ती ओळ फोनने टिपली होती, आणि म्हातारा आणि म्हातारी यांतला फरक त्या आवाजातून गळून गेला होता. झोपेत जाणाऱ्या लेकरासाठी केलेली ओळ होती ती. लेकरू गेल्यावर सासूबाई त्या ओळीपाशी तोंड मिटायला लागल्या, आणि जागा रिकामी राहिली. बाबा ती रोज भरत होते. आणि आता ते ती लेकराला झोपवायला म्हणत नव्हते. मी आलेच.

खुर्चीवरचे धुतलेले कपडे माझ्या डोळ्यांसमोर आले.

"बाबा," मी फटीत तोंड घालून म्हटलं. "बाबा, मी आहे. मी गातेय. गुंडी रडत होती."

खरखर.

"आईंनी ते यंत्र लावलं होतं, आठवतंय? त्या आमच्या खोलीशी बोलायच्या. ते चालूच राहिलं. ते कपाटामागे गेलं आणि आम्हाला कळलंच नाही. बाबा, ऐकताय ना?"

पलीकडे कुणीतरी गप्प बसलं होतं, की नुसता पेरलेला आवाज होता, मला सांगता येईना. आयुष्यभर ऐकायचं काम करून मला तेवढं सांगता येईना.

"तू गात होतीस?" खूप वेळाने आवाज आला.

"हो."

"रोज?"

"रोज."

मग त्यांनी जे विचारलं ते मी अजून ऐकते, भांडी घासताना, कामावर दोन वाक्यांच्या मध्ये.

"मग तिच्यापाशी कोण आहे गं?"

"आई आहेत, बाबा," मी म्हटलं. "फोन तेवढा त्यांचा नव्हता. तुम्ही जेवा. तुम्ही इकडे या. तुमची ओळ मला येत नाही, गुंडीला येते—"

हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. खरखर नव्हती. काहीच नव्हतं. माझी कुठली वाक्यं पोचली आणि कुठली वाटेत राहिली, कळायला मार्ग नव्हता.

मी नवऱ्याला फोन लावला. तो जिना चढत होता. नव्या नेटवर्कवर त्याचा प्रत्येक श्वास माझ्या कानात येत होता, चपलेखालची वाळूसुद्धा. "काकूंकडे किल्ली आहे, ती घेतलीय," तो धापा टाकत म्हणाला. मग टकटक. मग पुन्हा टकटक. किल्ली कुलपात चाचपडण्याचा आवाज. गुंडी रडायची थांबली होती.

मग आतून कडी निघाली.

"किल्ली कशाला? मी आहे ना घरात," बाबांचा आवाज. अख्खा. कोरडे ओठ सुटताना ऐकू आले, गिळलेला आवंढा ऐकू आला. इतका म्हातारा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. कपड्यांची सळसळ झाली. बापलेक एकमेकांना धरून उभे असावेत.

"ती आहे का फोनवर?" थोड्या वेळाने ते म्हणाले. "तिला सांग, दुसरी ओळ चुकते तिची. 'उशीखाली स्वप्न' नाही, 'उशीखाली हात'. मला वाटलं होतं, एवढी लांब गेली, एखादा शब्द वाटेत सांडला असेल." त्यांनी घसा साफ केला. "आणि खाली काकूंकडे ताट असेल माझं. आण जा. त्या रागावल्या असतील."

मी भिंतीला टेकून खाली बसले. गुंडी माझ्या मांडीवर बसून माझं तोंड चाचपत होती, त्यातून कोण बोलतंय ते बघत असल्यासारखी.

आता बाबा आमच्याकडे असतात. आम्ही दोघांनी रेटून कपाट दुसऱ्या भिंतीला नेलं, चुगलखोर काढला, धूळ पुसली. तिथे आता नुसता प्लग आहे. बाबा नव्या फोनशी भांडतात. त्यावर लोकांचे पोटातले आवाजही ऐकू येतात, हे त्यांना सभ्य वाटत नाही. जेवतात. कमी, पण जेवतात.

दुपारी गुंडीला झोपवायचं काम त्यांनी घेतलंय. मी घरी असले की दारात उभी राहून ऐकते. खुर्ची कुरकुरते. दिवा मालव, दार लाव. उशीखाली हात ठेव. दोन ओळी झाल्या की ते तोंड मिटतात आणि नुसतं थोपटतात, सासूबाई थोपटायच्या तसं.

आणि गुंडी मान वळवते. कपाट नसलेल्या त्या कोपऱ्याकडे बघते, डोळे मोठे करून. तिची ओळ तिकडून यायची असते.

बाबाही तिकडेच बघतात. मीही. खोलीत कसलाही आवाज नसतो, पेरलेलासुद्धा नाही, आणि आम्ही तिघं थांबून राहतो.